गिटहबचे खाते आणि कमिटवरचे नाव

दिवाळीच्या सुटीत माझी भाची घरी आली होती. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात असलेल्या तिच्या गटाने आपल्या परिसरातील झाडांच्या मराठी नावांची सूची तयार करण्याचा प्रकल्प घेतला आहे, आणि गटातील प्रत्येकाचे काम गिटहबवर वेगवेगळे दिसले पाहिजे, अशी त्यांच्या प्राध्यापकांची अट आहे. "मामा, खातं उघडायला पाच मिनिटं पुरतील ना?" असे तिने विचारले. खाते तेवढ्या वेळात उघडले खरे, परंतु त्यानंतर आम्ही दोन संध्याकाळ एकत्र बसलो आणि तो वेळ मला अत्यंत आवश्यक वाटला.

पहिली अर्धी संध्याकाळ एकाच गोष्टीत गेली: गिट आणि गिटहब या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गिट ही लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याच्या, कामासाठी लिहिलेली, फाइलींमधील बदलांची नोंद ठेवणारी आणि आपल्या संगणकावर चालणारी प्रणाली आहे. गिटहब हे २००८ मध्ये सुरू झालेले आणि २०१८ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे असलेले, गिटमधील काम ठेवण्याचे व इतरांना दाखवण्याचे संकेतस्थळ आहे. आपण संकेतस्थळावर खाते उघडले, हे आपल्या संगणकावरील गिटला आपोआप कळत नाही. कमिट करताना, म्हणजे केलेल्या बदलांची नोंद पक्की करताना, गिट फक्त आपण त्याच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगमध्ये) लिहून ठेवलेले नाव आणि ईमेल पत्ता उचलते, आणि ते खरे आहेत की नाहीत याची कोणतीही चौकशी करत नाही. पुढे ते कमिट गिटहबवर पोहोचले की गिटहब त्यातील ईमेल पत्ता आपल्याकडील खात्यांशी ताडून पाहते आणि जुळणी झाली तरच त्या कामाशेजारी आपले छायाचित्र व सदस्यनाव दाखवते.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो, याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी नोकरीच्या ठिकाणी मिळालेल्या लॅपटॉपवरून, सुटीच्या दिवशी, एका मुक्त प्रकल्पासाठी बरेच काम केले. त्या लॅपटॉपवरील गिटमध्ये कार्यालयाचा ईमेल पत्ता होता, आणि तो मी माझ्या खात्याला कधीच जोडला नव्हता. नोकरी सोडल्यावर ती टपालपेटी बंद झाली, त्यामुळे आता तो पत्ता खात्यात घालून त्याची पडताळणी करण्याचा मार्गही उरला नाही. माझे ते सगळे काम आजही त्या प्रकल्पात आहे, पण माझ्या खात्याशी त्याचा दुवा नाही. कमिटचा ओळखक्रमांक हा त्यातील मजकूर, लेखक, वेळ आणि आधीचे कमिट या सर्वांवरून गणला जातो. म्हणून एका जुन्या कमिटमधला पत्ता बदलायचा म्हटले तरी त्यानंतरच्या प्रत्येक कमिटचा क्रमांक बदलतो, आणि इतरांच्या प्रकल्पात असा बदल मागणे मला योग्य वाटले नाही.

म्हणून भाचीकडून पहिल्या कमिटच्या आधीच हे करून घेतले. सार्वजनिक रेपोत, म्हणजे प्रकल्पाच्या सर्वांना खुल्या असलेल्या साठ्यात, ईमेल पत्ता कोणालाही वाचता येतो, त्यामुळे खात्याच्या सेटिंगमध्ये तो खासगी ठेवण्याचा पर्याय निवडला. गिटहब अशा वेळी एक क्रमांक आणि आपले सदस्यनाव मिळून बनलेला पर्यायी पत्ता देते, तोच गिटमध्ये नोंदवला. सदस्यनावात फक्त रोमन अक्षरे, अंक आणि मधे एकेक जोडरेघ चालते, आणि त्याची मर्यादा ३९ चिन्हांची आहे. प्रोफाइलवर दिसणारे नाव मात्र देवनागरीत लिहिता येते, आणि तिने ते तसेच लिहिले. सदस्यनाव पुढे बदलता येते, परंतु जुने नाव मोकळे होऊन दुसऱ्या कोणालाही घेता येते, तेव्हा ते आरंभीच विचारपूर्वक निवडावे.

कमिटवर कोणाचे नाव लागावे हा झाला एक प्रश्न. रेपोत लिहिण्याचा अधिकार कोणाला, हा त्याहून अगदी वेगळा. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहबने पुश करताना, म्हणजे आपल्या संगणकावरील कमिट तिकडे पाठवताना, खात्याचा पासवर्ड स्वीकारणे बंद केले आहे, त्यामुळे टोकन (पासवर्डऐवजी वापरायचा, गिटहबकडून मिळणारा संकेत) किंवा एसएसएच किल्ली (आपली ओळख पटवणारी फाइलींची जोडी) लागते. मी किल्ली पसंत करतो. किल्ल्यांची जोडी आपल्याच संगणकावर तयार होते. त्यातील 'पब' असा शेवट असलेली सार्वजनिक फाइल गिटहबला द्यायची आणि दुसरी, खासगी, कोणालाही कधीही पाठवायची नाही, अगदी मदत करणाऱ्या मामालाही नाही. त्याच संध्याकाळी द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डखेरीज फोनवरील कोडही मागण्याची सोय, सुरू केली आणि फोन नसताना खात्यात शिरण्यासाठी तिथे मिळालेले रिकव्हरी कोड कागदावर छापून तिच्या आईच्या कपाटात ठेवायला सांगितले. फोन हरवला आणि हे कोडही जवळ नसले, तर खाते कायमचे हातचे जाऊ शकते.

दुसऱ्या संध्याकाळी एक अडचण आली, जी इंग्रजी मार्गदर्शनांत सहसा भेटत नाही. गटाने प्रत्येक झाडासाठी देवनागरी नावाची फाइल केली होती, आणि काय बदलले ते दाखवणारी 'गिट स्टेटस' ही आज्ञा देताच 'वड' या फाइलच्या जागी ३४०, २४४, २६५, ३४०, २४४, २४१ असे आकडे तिरप्या रेघांसह उमटले. फाइल बिघडली असे वाटून ती घाबरली. वास्तविक 'व' आणि 'ड' ही अक्षरे यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकी तीन बाइटांची आहेत आणि गिट ते बाइट अष्टमान (आठच्या पायावरील) पद्धतीने छापते, एवढाच त्याचा अर्थ. कॉन्फिगमधील 'कोअर डॉट कोटपाथ' हा पर्याय 'फॉल्स' केला की नावे देवनागरीत दिसू लागतात. कमिटचा संदेश मराठीत लिहिण्याला तर काहीच आडकाठी नाही.

तिने तो मराठीतच लिहिला: "वड, करंज आणि अंजन यांच्या नोंदी जोडल्या". पुश झाल्यावर आम्ही रेपोचे पान उघडले, तेव्हा त्या ओळीशेजारी तिचे छायाचित्र होते, आणि त्यावर टिचकी मारल्यावर तिचेच प्रोफाइल उघडले. मग तिने गटातील इतर तिघांना फोन करून, त्यांच्या गिटमध्ये कोणता ईमेल पत्ता आहे ते विचारायला सुरुवात केली.