निळ्या-पांढऱ्या जर्सीचे स्नेहसंमेलन

टोरंटो विद्यापीठाच्या महिला आइस हॉकी संघाच्या आजी-माजी खेळाडूंचा मेळावा वर्षातून एकदा भरतो आणि त्याचा क्रम सहसा बदलत नाही. दुपारी माजी खेळाडूंचा आपसांतील सामना होतो, संध्याकाळी जेवण असते, आणि त्यानंतर स्वागत, हंगामाचा अहवाल, पारितोषिके, निरोपाची भाषणे आणि सामूहिक छायाचित्र असे सारे पार पडते. स्वागत आणि अहवाल यांविषयी सांगण्यासारखे काही नाही. विद्यापीठाच्या वतीने जे कोणी बोलतात ते मनापासून बोलतात, पण दरवर्षी जवळजवळ तेच बोलतात, आणि त्या वेळात आम्ही जुन्या मंडळी कोण आले, कोण आले नाही, याची मोजदाद उरकून घेतो. मी या संघाकडून कधी खेळले नाही. पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्याहून इकडे आले तेव्हा मला स्केटवर उभेही राहता येत नव्हते. खोलीत सोबत राहणाऱ्या मुलीच्या आग्रहामुळे मी संघाच्या बाकामागे उभी राहून पाण्याच्या बाटल्या भरू लागले, पुढे गोलांची आणि पेनल्टींची वही ठेवू लागले, आणि त्या वहीच्या जोरावर मला आजही मेळाव्याचे आमंत्रण येते.

सामना व्हर्सिटी अरीनात होतो. ब्लूर स्ट्रीटवरची ही इमारत १९२६ची आहे. वरचे छप्पर पोलादी कमानींवर तोललेले असल्यामुळे मध्ये एकही खांब नाही, आणि म्हणून कोणत्याही बाकावरून संपूर्ण बर्फ दिसतो. थंडी मात्र तिथे बाहेरच्यापेक्षा निराळ्या जातीची असते. ती आधी पायांना कळते. सामन्यात वयाच्या साठीतली बचावपटू आणि गेल्याच वर्षी पदवी घेतलेली आघाडीची खेळाडू समोरासमोर येतात, गुडघ्यांना पट्टे बांधलेल्या बायका पहिल्या पाच मिनिटांत वय विसरतात आणि उरलेल्या वेळात ते त्यांना चांगलेच आठवते. गोल किती झाले यावर जेवताना एकमत होत नाही. अधिकृत वही माझ्याकडेच असते, परंतु ती कोणी मागत नाही.

जेवणाआधी दशकांनुसार हजेरी घेतली जाते आणि आपले दशक पुकारले की त्या त्या खेळाडू उभ्या राहतात. १९२०च्या दशकासाठी उभे राहायला आता कोणीच नाही, तरीही ते दशक पुकारले जाते आणि मॅरियन हिलियर्ड यांचे नाव घेतले जाते. विद्यार्थिदशेत त्या या विद्यापीठाकडून हॉकी खेळल्या, १९२७मध्ये येथूनच डॉक्टर झाल्या आणि पुढे विमेन्स कॉलेज हॉस्पिटलमध्ये प्रसूती व स्त्रीरोग विभागाच्या प्रमुख झाल्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सोपी करण्याच्या कामातही त्यांचा वाटा होता. मला त्यांचे कौतुक वाटते ते आणखी एका कारणाने. मुलींनी बर्फावर धावल्याने त्यांच्या प्रकृतीवर परिणाम होतो, असे सांगणारे शहाणे त्या काळात कमी नव्हते. अशांना उत्तर द्यायला स्त्रीरोगतज्ज्ञ झालेल्या हॉकीपटूपेक्षा अधिक योग्य माणूस कोठून आणणार?

त्यानंतरची दोन-तीन दशके हजेरीत लवकर संपतात, कारण मंदी आणि महायुद्ध यांच्या काळात कॅनडाभर महिलांची हॉकी आटत गेली. १९७०चे दशक पुकारले की सभागृहात खुर्च्या सरकल्याचा पहिला मोठा आवाज होतो. त्या आणि पुढच्या दशकातल्या खेळाडू प्रशिक्षक डेव्ह मॅकमास्टर यांच्या शिस्तीत वाढल्या. १९९०मध्ये ओटावाला महिलांची पहिली विश्वस्पर्धा झाली, तेव्हा सुवर्णपदक जिंकणाऱ्या कॅनडाच्या संघाचे प्रशिक्षक हेच मॅकमास्टर होते. त्या स्पर्धेत कॅनडाच्या मुलींना गुलाबी जर्सी घालायला दिली होती, आणि ती आठवण निघाली की आमच्याकडच्या ज्येष्ठ खेळाडू अजूनही नाक मुरडतात.

१९९३ हे वर्ष माझे स्वतःचे आहे, आणि त्यामुळे त्याविषयी मी पक्षपाताने लिहीत आहे हे आधीच सांगितलेले बरे. क्रीडा विभागात स्त्री-पुरुषांना समान संधी मिळावी म्हणून विद्यापीठाने एक समिती नेमली होती, आणि त्या समितीने महिला हॉकीचा संघच बंद करण्याची शिफारस केली. खर्च फार होतो हे एक कारण होते. दुसरे कारण ऐकून आम्ही वर्तमानपत्र पुन्हा वाचले होते: संघाचा दर्जा फार वरचा आहे, हेही त्याच्या विरोधात मोजले गेले होते. समानतेसाठी नेमलेल्या समितीने बायकांचा सर्वांत यशस्वी संघ बंद करायला सांगावे, यातला विरोधाभास आमच्यातल्या साऱ्यांनाच कळत होता. प्रश्न होता तो पुढे काय करायचे याचा.

या प्रसंगी उभी राहिली ती आमच्याच संघातली जस्टीन ब्लेनी. मुलांच्या संघात खेळण्याच्या हक्कासाठी तिने शाळकरी वयातच कोर्टाची पायरी चढली होती आणि निकाल आपल्या बाजूने लावून घेतला होता. (याच शहरात १९५०च्या दशकात अ‍ॅबी हॉफमन ही मुलगी आखूड केसांच्या आधाराने मुलांच्या लीगमध्ये खेळली होती आणि जन्मदाखला पाहिला गेला तेव्हा ती मुलगी असल्याचे उघड झाले. तीही पुढे याच विद्यापीठात शिकली आणि धावपटू म्हणून चार ऑलिंपिकला गेली.) ब्लेनीने संघ वाचवण्यासाठी एक संध्याकाळ आयोजित केली, शंभर माजी विद्यार्थ्यांना स्वतः फोन केले, शहराच्या चार नगरसेवकांना आणि एका खासदाराला पाठिंब्यासाठी पुढे आणले, आणि त्या संध्याकाळी आठ हजार डॉलरांहून अधिक निधी जमला. आजच्या हिशेबाने ही रक्कम मोठी नाही. परंतु खर्चाचे कारण पुढे करणाऱ्यांसमोर पैशांबरोबर माणसेही उभी राहिली, आणि संघ टिकला.

संघ टिकला म्हणून पुढचे सारे घडले. विकी सुनोहारा आमच्याकडून त्याआधीच खेळून गेली होती. तिच्यासह लोरी ड्युपुई, लॉरा शूलर आणि जेना हेफर्ड अशा या विद्यापीठाच्या चौघी १९९८च्या नागानो ऑलिंपिकमध्ये कॅनडाकडून खेळल्या आणि रौप्यपदक घेऊन आल्या. महिलांची हॉकी ऑलिंपिकमध्ये प्रथमच खेळली गेली ती त्या वर्षी. सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकमध्ये २००२मध्ये अंतिम सामन्याच्या तीन कालखंडांपैकी दुसरा संपता संपता हेफर्डने मारलेला गोल पुढे सुवर्णपदकाचा गोल ठरला. आमच्या संघाने २००१मध्ये राष्ट्रीय विद्यापीठ अजिंक्यपद जिंकले तेव्हा प्रशिक्षक होत्या कॅरन ह्यूज, ज्या पुढे २००४च्या हॅलिफॅक्सच्या विश्वस्पर्धेत राष्ट्रीय संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. २०११पासून सुनोहारा यांनी आमच्या संघाचे प्रशिक्षकपद सांभाळले. मी राहते त्या टोरंटोच्या स्कारबरो भागातच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या, हे मी ओळखीपाळखीच्या लोकांना गरज नसताना सांगत असते.

ही नावे मेळाव्यात घेतली जातात आणि टाळ्याही भरपूर पडतात. माझी कुरकुर निराळी आहे. ज्या वर्षी एखादी ऑलिंपिकपटू येणार असल्याची बातमी पसरते त्या वर्षी खुर्च्या कमी पडतात, आणि ज्या वर्षी तशी बातमी नसते त्या वर्षी जेवणाची ताटे उरतात. १९८०च्या दशकातल्या खेळाडू किंग्स्टनहून, सडबरीहून, एक तर थेट व्हँकुव्हरहून येते. आणि भुयारी रेल्वेने वीस मिनिटांत पोहोचू शकणाऱ्या नव्या तुकडीतल्या मुली 'यंदा जमणार नाही' असा निरोप दोन दिवस आधी पाठवतात. नोकऱ्या आहेत, लहान मुले आहेत, हे मला समजते. आमच्या वेळीही ती होतीच.

मी मेळाव्याला जाते ती मुख्यतः निरोपाच्या भाषणांसाठी. शेवटच्या वर्षातली प्रत्येक खेळाडू तीन-चार मिनिटे बोलते. कर्णधार चांगल्या बोलतात, कारण त्यांना सवय असते. त्यांचे आभार नीट मांडलेले असतात. मन गलबलते ते राखीव खेळाडूंच्या भाषणाने. एका वर्षी तिसऱ्या क्रमांकाची गोलरक्षक बोलायला उभी राहिली. चार हंगामांत ती प्रत्यक्ष सामन्यात फारच थोडा वेळ उतरली होती. तिने कागद काढला, परत खिशात घातला आणि सांगितले की सरावात या संघाच्या प्रत्येकीने तिच्यावर पक, म्हणजे हॉकीतली रबरी चकती, मारला आहे, म्हणून कोण कुठल्या बाजूला मारते, कोण घाबरली की उंच मारते, कोण रागावली की सरळ छातीवर मारते, हे तिला ठाऊक आहे. आणि मग तिने समोर बसलेल्या एकेकीचे नाव घेऊन तिची खोड सांगितली. सभागृह हसत होते. शेवटी ती म्हणाली, "तुमच्या प्रत्येक गोलात माझे चार वर्षांचे हरणे आहे, आणि ते मला चालले." ती खाली बसली तेव्हा पहिल्या रांगेतल्या आघाडीच्या खेळाडू हसत नव्हत्या.

उत्तर ओंटारियोतून आलेल्या एका मुलीने वडिलांविषयी सांगितले होते. ते दर हिवाळ्यात रात्री घरामागच्या अंगणात पाइपने पाणी सोडून थरावर थर गोठवत आणि तिच्यासाठी रिंक तयार करीत. वडील स्वतः सभागृहात होते आणि संपूर्ण भाषणभर ते टेबलावरील चमच्याकडे पाहत होते. त्या वर्षी सांगलीहून आलेल्या माझ्या सासूबाई सोबत होत्या. त्यांना इंग्रजी भाषण फारसे कळले नाही, तरी त्यांनी माझा हात धरला आणि विचारले, "अगं, हा तिचा बाप ना? मग याला का नाही बोलायला उभं करत?" खरे तर त्यांचे म्हणणे बरोबर होते. पालकांनी बोलावे असा ठराव मी दोनदा मांडला आहे. वेळेच्या कारणाने तो मागे ठेवला जातो, आणि अहवाल मात्र पूर्ण वाचला जातो.

आता मदतनीसांविषयी. यांतल्या बहुतेकांना छापील नाव आवडणार नाही, म्हणून कामावरूनच लिहिते. पहाटेच्या सरावाआधी बर्फावर झांबोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणारी गाडी, फिरवणारे दोघे. स्केटना धार लावून देणारे आणि प्रत्येकीच्या धारेची खोली तोंडपाठ असणारे साहित्यघरातील गृहस्थ. घड्याळ सांभाळणारी आणि उद्घोषणा करणारी जोडी. भुवईवर टाके घालून खेळाडूला पुन्हा बाकावर पाठवायचे की नाही हे ठरवणाऱ्या डॉक्टर. खांदे आणि गुडघे जपणाऱ्या फिजिओथेरपिस्ट. बर्फाच्या वादळात चारशे एक क्रमांकाच्या महामार्गावरून गुएल्फ आणि किंग्स्टनची बस सुखरूप आणणारे चालक. परीक्षा आणि सामना एकाच दिवशी आल्यावर तारीख बदलून देणारे प्राध्यापक. दूरच्या मुलींना नाताळात घरी जेवायला बोलावणारी शहरातली कुटुंबे. राष्ट्रगीत गाणारे संगीत विभागाचे विद्यार्थी. ओल्या जर्सी रात्रीत धुऊन सुकवणाऱ्या बाई, ज्यांचा उल्लेख कोणत्याच अहवालात आलेला मला आठवत नाही. सामन्यांची छायाचित्रे विनामोबदला काढणारे विद्यार्थी वृत्तपत्रातील तरुण. आणि तिकीटखिडकीवरचे ते आजोबा, जे प्रेक्षक कितीही कमी असले तरी "आज गर्दी आहे" असेच सांगत. मेळाव्याच्या जेवणाची मांडामांड करणाऱ्या तिघी आणि खुर्च्या परत रचून ठेवणारे सुरक्षारक्षक यांनाही या यादीत धरावे. पुरुषांच्या संघातले जे चार-पाच जण दरवर्षी पंच म्हणून येतात आणि माजी खेळाडूंची बोलणी खातात, त्यांचेही ऋण आहे.

पत्त्यांची यादी पूर्वी माझ्याकडे वहीत होती. आता ती एका तरुण खेळाडूने संगणकावर नीट लावून घेतली आहे आणि आमंत्रणे एका क्षणात सर्वांना जातात. तरीही १९९३मध्ये ज्यांना फोन आले होते त्यांना फोनच लागतो. ईमेल पोहोचले तरी त्या उत्तर देत नाहीत, आणि फोन केला की अर्धा तास सोडत नाहीत. म्हणून सप्टेंबर लागला की मी जुनी वही काढून बसते. त्या वर्षानंतरच्या ज्यांचे क्रमांक माझ्याकडे आहेत त्यांनाही यंदा मीच फोन करणार आहे, आणि अनोळखी क्रमांक दिसला तरी त्यांनी तो उचलावा.