तिथीवर उघडणारी बाग

लेक आणि जावई दोन वर्षांसाठी परदेशी निघाले आणि त्यांचा कुत्रा आमच्याकडे गुहागरला आला. चॉकलेटी रंगाचा लॅब्रॅडोर, नाव कोको. सोबत एक बॅग. त्यात दोन ताटल्या, ब्रश, रेबीजच्या इंजेक्शनांची नोंद असलेलं पुस्तक आणि सूचनांचा कागद. चौथी सूचना अशी होती : 'आठवड्यातून दोनदा डॉग पार्क. विसरू नकोस, आई.'

नारळ पाडायला येणाऱ्या गड्याने पहिल्याच दिवशी कोकोचं कोकम करून टाकलं. रंगाला शोभलंही ते. चौथी सूचना मात्र तशीच राहिली.

पुण्याला असताना लेकीबरोबर एकदा मी त्या पार्कात गेले होते. तासावर पैसे, चहूबाजूंनी जाळी, आणि आत जायला एकापाठोपाठ एक अशी दोन फाटकं. पहिलं फाटक लावून घ्यायचं, मधल्या चिंचोळ्या जागेत कुत्र्याचा पट्टा काढायचा, मगच दुसरं उघडायचं. एवढे सोपस्कार कशाला, आत नेऊन काढला तर काय बिघडतं, असं मी विचारलं. लेक म्हणाली, "आतली सगळी मोकळी असतात, आई. ती नव्याला हुंगायला धावत येतात. हा एकटाच बांधलेला असला तर त्याला पळता येत नाही. आणि पळता येत नसलं की कुत्रा दात दाखवतो." मी बत्तीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलंय. आईचा हात धरून दारात उभं राहिलेलं मूल किती रडतं आणि आई फाटकाबाहेर गेली की किती लवकर गप्प होतं, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे तिचं म्हणणं लगेच पटलं.

कुत्र्यांसाठी अशी वेगळी बाग करण्याची कल्पना अमेरिकेतली. तिथल्या बर्कली गावातली १९७९ सालची बाग पहिली समजतात. आपल्याकडे हैदराबादला कोंडापूरमध्ये महापालिकेने २०१८ साली अशी बाग केली. हे ऐकून आमचे भाऊजी म्हणाले होते, "आता कुत्र्यांनाही बागा?" मला त्यात थट्टेचं काही वाटत नाही. घरापुढचं अंगण गेलं की पोरांना बाग लागते, तशी ती कुत्र्यांनाही लागणारच.

आमच्याकडे अंगण आहे, आणि त्यापलीकडे आणखी बरंच काही. घराच्या मागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या टोकाला गडगा, गडग्यात बेडं, बेड्यापलीकडे सुरूचं बन आणि मग समुद्र. म्हणजे दोन फाटकं आमच्याकडेही आहेतच. एक बेडं आणि दुसरं सुरूचं बन. पट्टा काढायची जागा मधली.

हे शहाणपण मात्र पहिल्या दिवशी सुचलं नाही. मी त्याला पट्ट्यासकट थेट पुळणीवर नेलं. किनाऱ्यावरची पाच कुत्री ओरडत अंगावर आली. कोकम ताठ, मी त्याच्याहून ताठ. पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन धरलेला. गुडघाभर पाण्यात एकजण पाग, म्हणजे मासे धरायचं फेकजाळं, टाकत होता. मागे वळून न बघताच तो म्हणाला, "बाय, सोडा त्येला. धरलात म्हणून भुंकतायत." या माणसाने डॉग पार्क जन्मात पाहिलेला नसणार. मी डोळे मिटून कडी काढली. पाचही जणांनी त्याला पुढून-मागून हुंगून घेतलं. त्यांच्यात एक लंगडी, पिवळट कुत्री आहे, तिची तपासणी सगळ्यांत लांबली. मग तिने पुढचे पाय वाळूत पसरले, मागचा भाग वर उचलला, आणि कोकमनेही तेच केलं. 'आता खेळायचं' याला कुत्र्यांच्या भाषेत हेच म्हणतात. पुण्याच्या लॅब्रॅडोरला आणि गुहागरच्या गावठी कुत्रीला त्यासाठी दुभाष्या लागला नाही.

एकच अडचण. ही बाग रोज सारखी नसते. पुण्यातल्या बागेच्या फाटकावर वेळ लिहिलेली होती, इथली वेळ कालनिर्णयावरून काढावी लागते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, हे माझ्या सासूबाईंचं गणित. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. म्हणजे पुनवेला आणि अवसेला संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला समुद्र मागे गेलेला असतो, आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे लांबवर गेलेला असतो. ओली, टणक, सपाट वाळू, नजर जाईल तिथवर. त्या संध्याकाळी कोकम नुसता धावत नाही, उधळतो. अष्टमीला त्याच वेळेला भरती. भांगाची असते म्हणून पाणी फार चढत नाही, पण मैदान निम्मं होतं आणि उरलेली वाळू भुसभुशीत. तेव्हा तो जरा धावतो आणि बसून माझ्याकडे बघतो, जणू समुद्र मीच पुढे आणला. पावसाळ्यात तर बाग बंदच. लाटा सुरूच्या मुळांपर्यंत येतात आणि आम्ही दोघं बेड्याशी उभे राहून परत फिरतो.

पट्टा काढला की उरते ती हाक. आणि हाकेवर कोकम येत नसे. नाव घ्या, ओरडा, शाळेतल्या आवाजात दरडावा, तो वाळूत बिळं करून राहणाऱ्या पांढुरक्या खेकड्यांमागे. बिस्किटाला तो दाद देत नाही. अखेर पागवाल्याच्याच बायकोने उपाय सांगितला : सुके बोंबील. आमच्या घरात कधी मासळी शिजलेली नाही. तरी आता पडवीतल्या फळीवर बोर्नव्हिटाचा जुना डबा आहे आणि त्यात चण्याएवढे तुकडे आहेत. जास्त नाही, ते खारट असतात. यजमान डब्याकडे बघत नाहीत आणि मी त्याबद्दल बोलत नाही. पण आता मी हाक मारली की अर्ध्या किलोमीटरवरून कोकम सुसाट येतो. ही निष्ठा माझ्यावरची की डब्यावरची, हे मी तपासून पाहिलेलं नाही.

बाकी कटकटी आहेतच. खारं पाणी प्यायला की रात्री पोट बिघडतं, म्हणून गोड्या पाण्याची बाटली न्यायची. पुळणीवर केंड मासा मरून फुगलेला दिसला तर आधी त्याला लांब न्यायचं, कारण केंड विषारी. दुसरा कुठला कुजका मासा असला तर कोकम त्यावर पाठ घासून घेतो. तेवढं मी सोडून दिलंय. आंघोळ घालता येते.

सोडून देता येत नाही ती गोष्ट कासवांची. थंडीत ऑलिव्ह रिडले माद्या रात्री किनाऱ्यावर चढतात, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालतात आणि निघून जातात. २००२ साली आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'ने त्यांच्या रक्षणाचं काम सुरू केलं, आणि आता आमच्या किनाऱ्यावरही कासवमित्र पहाटे गस्त घालतात. अंडी उचलून जाळीच्या कुंपणात पुरतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघतात. ही अंडी उकरणाऱ्यांत कोल्ह्यांबरोबर कुत्रीही आहेत. त्या बाबतीत लॅब्रॅडोर आणि गावठी असा भेद नाही. कासवमित्रांनी मला एकदाच सांगितलं, "बाई, या दिवसांत पहाटे सोडू नका त्याला." तेव्हापासून थंडी ते उन्हाळा पहाटे पट्टा, आणि मोकळीक फक्त संध्याकाळी, तीही माझ्या नजरेसमोर. पुण्याच्या बागेत जाळी कुत्र्याला आत ठेवायला होती. आमच्या अख्ख्या किनाऱ्यावर जाळी एवढी एकच, आणि ती कुत्र्याला बाहेर ठेवायला. कोकम तिच्यापाशी पट्ट्यात बसून आत बघतो. आत वाळूखेरीज काही दिसत नाही, पण त्याला बराच वास येत असावा.

परवा एकादशीला घोटाळा झाला. साबुदाणे भिजवण्याच्या नादात मी तिथीचं गणित केलंच नाही. नेहमीसारखा पट्टा एका वाहून आलेल्या ओंडक्यावर टाकला आणि बाटली घेऊन कोकममागे चालत गेले. अकरा पाऊणे सव्वाआठ. म्हणजे सहाला भरती चांगलीच चढणीला. परत आले तर ओंडक्याला पाणी लागलेलं आणि पट्टा गेलेला. ओढणी गळपट्ट्यात ओवून त्याला घरी आणलं. शेजारच्या काकूंनी बेड्यावरून विचारलं, "काय गो, आज कोकमाने तुलाच फिरवून आणलंन की काय?"

तिसऱ्या दिवशी पागवाल्याने पट्टा आणून दिला. "पागात गावला," म्हणाला. "मासा तेवढा नाय गावला."

धुवूनही पट्ट्याचा मासळीचा वास गेलेला नाही. त्यामुळे संध्याकाळी पाच वाजले की कोकम तो खुंटीवरून स्वतःच ओढून काढतो आणि तोंडात धरून बेड्याशी जाऊन उभा राहतो.