फील्ड प्रोजेक्ट, बांगडा आणि एआय

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या मुलांनाही आता फील्ड प्रोजेक्ट करावा लागतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली मुलं अहवाल लिहिताना एआय वापरतात, आणि ते वापरावं असंच माझं मत आहे. मात्र कोणतं काम त्याच्यावर सोपवायचं आणि कोणतं नाही, हे आधी ठरवायला हवं. त्यासाठी आपल्याकडचा एक नेहमीचा विषय घेऊ: बांगड्याच्या लांबी-वजनाचा संबंध.

आधी नमुने गोळा करण्याचं वेळापत्रक. एआयला विचारलं तर ते बिनदिक्कत बारा महिन्यांचा तक्ता देतं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, हे त्याला सांगितल्याशिवाय ते लक्षात घेईलच असं नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर जूनमध्ये ट्रॉलरमधून उतरलेला बांगडा अहवालात दिसला, तर मार्गदर्शकाने तिथेच थांबून विचारायला हवं.

मोजमाप हातानेच. लांबी पूर्ण घेतली की शेपटीच्या खाचेपर्यंत, हे नोंदवहीच्या पहिल्याच पानावर लिहावं. दोन प्रकारच्या लांब्या एकत्र झाल्या की पुढचं कोणतंही गणित त्या वेगळ्या करू शकत नाही.

एआयचा खरा उपयोग इथून पुढे आहे. शंभर माशांचे आकडे चॅटमध्ये चिकटवून 'उत्तर काढ' म्हणू नका. साध्या चॅटमध्ये मॉडेल पुढचा शब्द जुळवत जातं, त्यामुळे दिसायला बरोबर वाटणारा पण चुकलेला आकडा येऊ शकतो. त्याच्याकडून आर किंवा पायथन या संगणकीय भाषांतला कोड लिहून घ्या, तो गूगल कोलॅबमध्ये (ब्राउझरमध्येच कोड चालवायची सोय) स्वतः चालवा आणि सुरुवातीलाच एकूण मासे, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी लांबी छापायला लावा. नोंदवहीत शंभर मासे आणि कोडमध्ये सत्त्याण्णव, असं झालं तर तीन ओळी कुठे गळल्या ते आधी शोधायचं.

समीकरण असं: वजन = अ × लांबीचा ब घात; अ आणि ब हे आकड्यांवरून काढायचे स्थिरांक. दोन्ही बाजूंचा लॉग घेतला की सरळ रेषा मिळते. यात हमखास होणाऱ्या चुका तीन. पहिली एककाची: सेंटिमीटरऐवजी मिलिमीटर घेतले आणि ब तीनच्या आसपास असला, तर अ सुमारे हजार पटीने लहान होतो. त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या अ शी तुलना करण्याआधी एकक बघायचं. दुसरी चूक लॉगच्या पायाची. समजा, दहाच्या पायाने अ चा लॉग उणे २ आला. म्हणजे अ झाला ०.०१, आणि २० सेंमीचा बांगडा ब = ३ धरून ८० ग्रॅमचा. पण उलट फिरवताना कोडने ई हा पाया वापरला तर अ होतो ०.१३५ आणि तोच बांगडा एक किलोच्या वर जातो! बाजारातली कुठलीही मासेवाली हे उत्तर ऐकून घेणार नाही. म्हणून मिळालेल्या समीकरणात नेहमी एक ओळखीचा मासा घालून बघावा.

तिसरी चूक जास्त फसवी आहे. मासा लांबीच्या प्रमाणात सारखा वाढतो का, हे तपासायला ब ची तुलना तीनशी करायची असते, कारण सारख्या वाढीत वजन लांबीच्या घनाप्रमाणे वाढतं. सॉफ्टवेअर मात्र ती आपोआप शून्याशी करतं. ब ३.०८ आणि प्रमाण त्रुटी (ब च्या अंदाजातली अनिश्चितता) ०.०६ असेल, तर शून्याशी केलेल्या तुलनेत टी, म्हणजे फरक भागिले प्रमाण त्रुटी, ५१ च्या वर जातो. एआय तो आकडा बघून 'वाढ विषम आहे' असा परिच्छेद ऐटीत लिहून देऊ शकतं. खरा टी म्हणजे ०.०८ भागिले ०.०६, साधारण १.३३. फरक खरा मानायला शंभर माशांना ५ टक्के पातळीवर किमान १.९८ लागतो. म्हणजे या नमुन्यातून विषम वाढ सिद्ध होत नाही.

संदर्भसूची एआयकडून घेऊच नये असं मी म्हणेन. लेखक खरा, नियतकालिक खरं, पण तसा लेखच नाही, असं होतं. कधी डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) उघडतो पण वेगळ्याच लेखावर नेतो. प्रत्येक डीओआय उघडून शीर्षक, वर्ष, पान जुळवावं. प्रबंध शोधगंगा आणि कृषिकोश या ऑनलाइन प्रबंधसंग्रहांवर शोधावेत.

आता प्राध्यापकांसाठी. मजकूर एआयने लिहिला का हे सांगणाऱ्या डिटेक्टरच्या टक्क्यांवर मुलाला नापास करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतला. त्याच वर्षीच्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात सात डिटेक्टरांनी, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले निबंध सरासरी ६१ टक्के वेळा एआयचे ठरवले. कारण सरळ आहे: ही साधनं पुढचा शब्द किती अपेक्षित आहे ते मोजतात. मराठी माध्यमातून आलेली मुलगी साध्या, शिकलेल्या वाक्यरचनेत इंग्रजी लिहिते आणि तीच संशयित ठरते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीतली १० टक्क्यांची मर्यादा आधीच्या लेखनाशी असलेल्या साम्याची आहे, ती एआयच्या टक्क्यांना लावता येत नाही.

त्यापेक्षा शंभरातले ४० गुण नोंदवही आणि मूळ आकड्यांना, ३० तोंडी परीक्षेला, ३० अहवालाला द्यावेत. तोंडीला दहा मिनिटं पुरतात. 'सतराव्या ओळीतला मासा का वगळला?', 'ब तीनपेक्षा कमी आला असता तर काय लिहिलं असतंस?' ज्याने मासे मोजले तो अडखळत का होईना, उत्तर देतो.

आणि अहवालाच्या शेवटी अर्ध्या पानाचं निवेदन सक्तीचं करावं: कोणतं साधन, कोणत्या तारखेला, कोणत्या कामासाठी, त्यातलं काय ठेवलं आणि काय दुरुस्त केलं. पूर्ण कोड आणि प्रॉम्प्ट (एआयला दिलेल्या सूचना) परिशिष्टात. असं निवेदन प्रामाणिकपणे देणाऱ्याचे गुण कापायचे नाहीत, हे विभागाने वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी सांगावं. नाहीतर पुढच्या वर्षी कुणीही खरं लिहिणार नाही.