बाबांचा गुडघा आणि मायकेलअँजेलोचं छत

रोमला जायचं ठरलं तेव्हा आई म्हणाली, "चर्च बघायला एवढ्या लांब कशाला?" बाबा काही बोलले नाहीत. उठून कपाटातून एक पिवळं पडलेलं कॅलेंडरचं पान घेऊन आले. देवाचं बोट आणि आदमचं बोट. साताऱ्याजवळच्या हायस्कुलात एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरांना तीस वर्षं त्यांनी हेच पान दाखवलंय.

मग काय, व्हॅटिकनचं सगळं नियोजन माझ्या गळ्यात.

आधी एका टूर कंपनीचा कार्यक्रम मागवला. त्यात सिस्टिन चॅपेल, म्हणजे ज्याच्या छतावर मायकेलअँजेलोची ही बोटं आहेत ते प्रार्थनागृह, नव्हतंच. सेंट पीटर्सच्या चौकात फोटो काढून पुढे पिझ्झा. नमस्कार करून फोन ठेवला.

पहिला गोंधळ मीच घातला. तारीख धरली ती बुधवारची. बुधवारी सकाळी चौकात पोपची जाहीर भेट असते आणि तोवर तिथलं मोठं चर्च, सेंट पीटर्स बॅसिलिका, पर्यटकांना बंद. सिस्टिन बघायचं ते व्हॅटिकनच्या संग्रहालयांतून, आणि रविवारी ती बंद, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडी, तीही फुकट. हे कळल्यावर आईचे डोळे चमकले. पण फुकट ते पौष्टिक म्हणून अख्खं रोम तिथे लोटतं, आणि बाबांच्या गुडघ्याला तासन्‌तास रांग झेपणार नाही. म्हणून गुरुवार, थेट संग्रहालयाच्या अधिकृत साइटवरून. तिकीट २० युरो, वर ऑनलाइन बुकिंगचे ५. तिघांचे ७५ ऐकून आईने मनातल्या मनात रुपये केले आणि चहा ठेवायला गेली.

दुसरी गोष्ट नकाशा बघेपर्यंत लक्षात आली नव्हती. संग्रहालयाचं दार सेंट पीटर्सच्या चौकात नाही. ते उत्तरेला, तटबंदीला वळसा घालून, चांगलं पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर. मेट्रोच्या ए लाइनचं ओत्ताव्हियानो स्टेशन दोन्हींना सोयीचं. आत शिरल्यावर सिस्टिन जवळजवळ शेवटी येतं. नकाशांचं दालनच १२० मीटर लांब, मग चित्रकार राफाएलने रंगवलेल्या खोल्या, तिथलं त्याचं 'स्कूल ऑफ अथेन्स' हे भित्तिचित्र. म्हणजे बाबा छतापाशी पोहोचेपर्यंत गुडघा संपलेला. तिथे व्हीलचेअर मोफत मिळते, हे मी नुसतं सुचवलं. "मी काय आजारी आहे?" विषय संपला. सिस्टिनमध्ये भिंतीकडेला बाक आहेत, एवढ्यावर तह झाला.

बॅसिलिका शुक्रवारी, सकाळी सातला दार उघडतं तेव्हाच. प्रवेशाला पैसे नाहीत, पण सुरक्षा तपासणीची रांग दिवस चढेल तशी वाढते. एका दिवसात दोन्ही उरकणारे लोक असतात. उरकायचंच असेल तर सातारा काय वाईट? घुमटाच्या ५५१ पायऱ्या. लिफ्ट घेतली तरी ३२० उरतातच, त्यामुळे घुमट बाद. आईला 'पिएता' बघायचीय, मायकेलअँजेलोचीच मूर्ती, मांडीवर मृत येशूला घेतलेली मेरी. १९७२ साली एकाने हातोड्याने ती फोडली, तेव्हापासून ती काचेमागे आहे, हे सांगितल्यावर ती कितीतरी वेळ हळहळत होती. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, म्हणून माझे बिनबाह्यांचे कुडते घरीच.

सिस्टिनमध्ये फोटो काढू देत नाहीत. बाबांना त्याचं काहीच नाही. त्यांची काळजी मानेची. मायकेलअँजेलो १५०८ ते १५१२ मान वर करून रंगवत होता, आपल्याला पंधरा मिनिटं तरी जमायला हवीत, म्हणतात. काल बघते तर हॉलमध्ये खुर्चीवर बसून, आईचा कुंकवाचा आरसा मांडीवर धरून, त्यात पंखा बघत होते.