तीन हजारला खाली बसणारा काटा

ऑइलच्या दिव्याचं कोडं एकदाचं सुटलं, आणि उत्तरं दोन निघाली. इतके दिवस प्रत्येक चाचणी आधीच्या चाचणीला खोटं पाडत होती, ती त्याचमुळे.

मागचं विसरला असाल तर एका दमात सांगतो. डिस्ट्रिब्युटरवालं सोळाशे सीसी पेट्रोल इंजिन, हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबाने व्हॉल्व्हची फट आपोआप भरणारे), मीटरवर पावणेतीन लाख किलोमीटर. गरम झालं की आयडलला (रेस न देता चालू असताना) दिवा लुकलुकतो, वरून टिकटिक येते आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडताना खालून जड ठोका. प्रेशर स्विच नवा टाकला, ऑइल १०डब्ल्यू-४० भरलं, फरक काही नाही. तिथे थांबलो होतो, आणि तुमच्यात सरळ दोन तट पडले होते: ‘पंप गेला, बदलून टाक’ आणि ‘बेअरिंगं गेली, इंजिन उतरव’.

दोन्हीपैकी काहीच न करता आधी मेकॅनिकल गेज लावलं. दिव्याचा स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारच्या (बार हे दाबाचं माप) खाली गेल्यावरच बोलतो. प्रेशर ०.६ असो की ३.६, त्याच्या लेखी सारखंच. गेजच्या किटबद्दल दोन शब्द: डबीत अडॅप्टर ढीगभर असतात, पण एक-अष्टमांशचे टेपर आटे आणि एम१० गुणिले १चे सरळ आटे एकमेकांत दोन-तीन फेरे आरामात जातात आणि मग अडकतात. तिथे जोर लावलात तर ब्लॉकमधले आटे गेलेच. जुना स्विच शेजारी धरून आटे जुळवा, मगच पाना लावा. किटमधली बारीक नायलॉनची नळी मी वापरलीच नाही. एक्झॉस्टला टेकली की वितळणार आणि गरम ऑइल थेट मॅनिफोल्डवर. जाळीदार होज लावलाय.

तर आकडे. थंड असताना आयडललाच ४.२ बार. पूर्ण गरम झाल्यावर आयडलला ०.५, मिनिटाला दोन हजार फेऱ्यांना २.०. आणि तीन हजारला काटा २.३पर्यंत चढला, तिथे थरथरला आणि मी रेस धरून ठेवली तसा हळूहळू १.६वर येऊन बसला. मॅन्युअल म्हणतं, गरम आयडलला किमान ०.८ आणि तीन हजारला किमान ३.०.

या काट्याकडे मी बराच वेळ बघत बसलो. आयडलचा ०.५ बेअरिंगवाल्यांच्या बाजूचा. बेअरिंगमधून निसटणारं ऑइल क्लिअरन्सच्या (बेअरिंग आणि दांड्यामधल्या फटीच्या) घनाच्या प्रमाणात वाढतं. फट दुप्पट झाली की गळती आठपट. ऑइल गरम होऊन पातळ झालं, पंप हळू फिरतोय, मग आयडलला प्रेशर बसणारच. पण मग रेस दिल्यावर ते सावरायला हवं, कारण पंप जितका जोरात फिरेल तितकं जास्त ऑइल ढकलतो. नुसत्या झिजलेल्या बेअरिंगचं इंजिन वर कमी दाखवेल, पण चढत जाईल. चढून पुन्हा उतरणार नाही.

जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकलाय म्हणावं तर थंड असताना ४.२ आलं नसतं. पंपाचे रोटर झिजलेत म्हणावं तर तेही आयडललाच जास्त जाणवतं, आणि काटा थरथरत नाही. थरथरणं म्हणजे पंपाच्या तोंडात ऑइलबरोबर हवा. तीन हजारला काही क्षण टिकून मग पडणं म्हणजे पंपाला जितकं हवं तितकं खालून मिळत नाही. गडबड ढकलण्यात नव्हती, ओढण्यात होती.

ओढण्याच्या बाजूला संशयित दोनच. चेंबरमधली (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीतली) गाळणी गाळाने बुजली असेल, किंवा ऑइल वर ओढणारी पिकअप ट्यूब जिथे पंपाला बसते तिथली ओ-रिंग, म्हणजे रबराचं कडं. दुसरं म्हणजे भोक पडलेल्या स्ट्रॉने ओढल्यासारखं: तळ ऑइलमध्ये बुडालेला असला तरी वरून हवा येतेच. दोन्हींत काटा सारखाच पडतो. चेंबर न उतरवता फरक कसा कळणार?

इथे मला जी युक्ती सुचली ती या सगळ्या प्रकरणातली माझी सर्वांत लाडकी गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर. आपला पंप क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) नाकावर, पुढच्या कव्हरमध्ये. चेंबरही पुढेच खोल. ट्यूब आणि पंपाचा जोड ऑइलच्या ‘मॅक्स’ पातळीच्या थोडासाच वर. मग तो जोडच ऑइलखाली बुडवला तर? मागची चाकं रॅम्पवर चढवली, म्हणजे नाक खाली, आणि मॅक्सच्या वर अर्धा लिटर ऑइल जास्त घातलं. आता ओ-रिंग गळत असेल तर ती हवेऐवजी ऑइल ओढेल आणि काटा टिकेल. गाळणी बुजलेली असेल तर वर कितीही ऑइल ओता, काही फरक पडणार नाही.

तीन हजारला काटा ३.१वर गेला आणि तिथेच राहिला. न थरथरता. मी रेस सोडली, पुन्हा दिली, पुन्हा ३.१.

(ही चाचणी अगदी थोड्या वेळापुरती. जास्त ऑइलात क्रँकची वजनं बुडाली की ऑइल घुसळून फेस होतो आणि नवीनच भानगड उभी राहते. लगेच जादा ऑइल काढून टाका.)

आनंद व्हायच्या आधीच आयडलला पाहिलं: ०.६. म्हणजे वरचा रोग ओ-रिंगचा, पण आयडलचा रोग जागच्या जागी. बेअरिंगवाले, तुमचंही खरं होतं.

आवाजांचंही तसंच झालं. टायमिंग लाइटची (ठिणगीबरोबर चमकणाऱ्या दिव्याची) क्लिप एक नंबरच्या प्लग वायरवर लावली. डिस्ट्रिब्युटरवाल्या इंजिनात ती क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा चमकते, म्हणजे कॅमच्या वेगाने. वरची टिकटिक बरोबर चमकेला एक. म्हणजे व्हॉल्व्हकडचीच, टॅपेटमध्ये हवा. खालचा ठोका चमकेला दोन, म्हणजे क्रँकचा. मग आयडलच्या जरा वर रेस धरून एकेका इंजेक्टरचा प्लग काढला. एक, दोन, चार काढले तरी ठोका तोच. तीनचा काढला आणि ठोका निम्म्याहून खाली आला. स्टेथोस्कोपही होता हाताशी, पण खरं सांगायचं तर चेंबरवर तो सगळीकडे सारखंच ऐकवतो. लांब पेचकस दांड्याकडून कानाला लावा, तेवढं पुरतं. इंजेक्टर काढून बघण्यातून जे कळतं ते कुठल्याच नळीतून कळत नाही.

चेंबर उतरवण्याआधी फिल्टर कापला. हॅकसॉने कापू नका. त्याचा भुगा आत पडतो आणि मग धातूचे कण कुणाचे हे शोधत बसा. फिल्टर कटर हे हत्यार रोज लागत नाही, पण लागतं तेव्हा दुसरं काही चालत नाही. घड्या उलगडून उन्हात धरल्या. बारीक सोनेरी-तांबूस चमक, आणि लोहचुंबकाला एकही कण चिकटला नाही. बेअरिंगचा वरचा करडा थर जाऊन खालचं तांबं उघडं पडलंय, असाच त्याचा अर्थ.

चेंबर खाली आला. पिकअप ट्यूबचे दोन बोल्ट काढले आणि ओ-रिंग नखाने उचलायला गेलो तर ती तुकडाच पडून हातात आली. गोल काप राहिलाच नव्हता. दोन्ही बाजूंनी चपटी आणि वाकवली की मोडणारी. गाळणीवर पाव भागात काळा चिकट थर आणि त्यात नारिंगी सिलिकॉनचे शेवयांसारखे दोरे. आधी कुणीतरी चेंबर बसवताना सीलंटची ट्यूब रिकामी केली असणार. बाहेर जेवढं ओघळलेलं दिसतं तेवढंच आतही ओघळतं, आणि आतलं थेट गाळणीवर जाऊन बसतं. तीन मिलिमीटरची एक रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. बस्स.

गॅस्केट सेटमधून आलेली नवी ओ-रिंग व्हर्नियरने मोजली तर जाडी ३.० मिमी, हवी ३.५. ती तशीच बसली असती, बाहेरून काही कळलंही नसतं, आणि काही महिन्यांत पुन्हा हाच काटा. सेट विकणाऱ्याला कळवलं तर उत्तर आलं, ‘सगळ्यांना हीच देतो.’ असो. मापाची व्हिटॉनची (उष्णता सोसणाऱ्या रबराची) वेगळी घेतली. साधी नायट्राइल रबराची इतकी वर्षं गरम ऑइलात कडक होतेच. इथे चार पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

ठरलं होतं इतकंच: ओ-रिंग टाकायची, गाळणी धुवायची, चेंबर बंद, आणि बेअरिंगचं नंतर इंजिन उतरवून बघू. पण पाठीवर पडून वर बघतोय तर चारही रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यांच्या) कॅप समोर. हात थांबेना.

तीन नंबरची कॅप काढली. खालचा अर्धा शेल (बेअरिंगची अर्धगोल पट्टी) बऱ्यापैकी करडा. वरचा, रॉडकडचा, मधोमध तांबूस आणि बोट फिरवलं की खरखरीत. सिलिंडरमधल्या स्फोटाचा मार त्याच अर्ध्यावर येतो. प्लॅस्टिगेज (दाबून फट मोजायची मऊ पट्टी) लावलं: एक नंबर ०.०४५ मिमी, दोन आणि चार ०.०५०, तीन ०.०८५. मॅन्युअलची मर्यादा ०.०८. प्लॅस्टिगेज पहिल्यांदा वापरणाऱ्यांसाठी: जर्नलवरचं (क्रँकच्या ज्या गोल भागावर बेअरिंग बसतं त्यावरचं) ऑइल पूर्ण पुसा, कॅप पूर्ण टॉर्कला आवळा, मध्ये क्रँक हलवू नका, आणि पट्टी जितकी जास्त रुंद दबली तितकी फट कमी. उलटं वाचणारे बरेच असतात.

जर्नल मायक्रोमीटरने आडवं-उभं मोजलं, फरक ०.०१च्या आत. नख फिरवलं, कुठे अडकलं नाही. म्हणजे ग्राइंडिंग नाही, स्टँडर्ड मापाचेच शेल. चारही रॉडचे बदलले, बाकीचे तीन मर्यादेत असले तरी. बोल्टही नवे, कारण ते कोनाच्या अंशांत आवळायचे आहेत, एकदा ताणले की पुन्हा वापरायचे नाहीत. मेन बेअरिंगची एकच कॅप उघडून पाहिली, ०.०४५, आणि गपचूप बंद केली. तिथे खाज सुटली असती तर इंजिन अजून खालीच असतं.

सुरू करताना इंजेक्टरचे प्लग आणि कॉइलची वायर काढून नुसता स्टार्टर, थांबून थांबून, गेजचा काटा उठेपर्यंत. मग इंजिन.

पहिली दोन-तीन मिनिटं टिकटिक होतीच, टॅपेटमधली हवा निघेपर्यंत. मग एकेक करून गप्प झाले. गरम झाल्यावर आयडलला १.१, दोन हजारला २.७, तीन हजारला ३.६, आणि काटा स्तब्ध. ऑइल तेच १०डब्ल्यू-४०, मुद्दाम. जाड ऑइल भरून आकडा वर नेता येतो, त्याने दिवा विझतो, फट काही भरत नाही. बाटलीतली ‘आवाज बंद’ औषधंही त्याच जातीची. अ‍ॅक्सिलरेटर सोडतानाचा ठोका पूर्ण गेला. मी चढावर, उतारावर, तिसऱ्यात, चौथ्यात, सगळीकडे मुद्दाम सोडून पाहिला.

आता उरलेलं. रात्रभर उभी राहिली की पहिल्या स्टार्टला पुढून दीड-दोन सेकंद खडखड, मग काही नाही. चेनचा टेन्शनर (ऑइलच्या दाबाने चेन ताणून धरणारा) म्हणून मी पुढचं कव्हर उघडायचं जवळजवळ ठरवलं होतं, गॅस्केटची यादीही केली होती. पण हे लिहिता लिहिता लक्षात आलं की गेज अजून इंजिनवरच आहे, आणि आपला फिल्टर आडवा बसतो. त्याच्या आतला रबरी झडपेचा पडदा नीट धरत नसेल तर रात्रीतून गॅलरीतलं (इंजिनातल्या ऑइलच्या वाटांतलं) ऑइल परत चेंबरमध्ये उतरतं, आणि टेन्शनर बिचारा सकाळी रिकाम्या पोटी. कापलेल्या फिल्टरचा पडदा मी नीट पाहिला नाही, पण तो तसाही जुना झाला. आता लावलाय तोही त्याच प्रकारचा आहे.

म्हणून कव्हर राहू दे. सकाळी फोन गेजसमोर ठेवून आवाजासकट व्हिडिओ घेतो. काटा लगेच उठला आणि खडखड चालूच राहिली, तर टेन्शनर. काटा उशिरा उठला आणि तो उठताच खडखड थांबली, तर दुसऱ्या प्रकारचा, सिलिकॉनच्या पडद्याचा फिल्टर लावून पुन्हा तेच. तुमच्यापैकी कुणी आडव्या फिल्टरवर असा फरक मोजलाय का? प्रेशर यायला किती सेकंद लागले ते कळवा, माझ्या व्हिडिओशी ताडून बघतो.