श्रावणातले शेड कार्ड

गोव्यातल्या घरांत शेड कार्ड उघडते ते नेमके नको त्या महिन्यात. आषाढ सरत आलेला असतो, चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आलेली असते आणि कुणाची तरी नजर देवाच्या कुडीतल्या, म्हणजे देवाच्या खोलीतल्या भिंतीकडे जाते. पोपडे सुटलेत. मुंबई-पुण्याची माणसे येणार, माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, सजणार आणि तिच्या मागे ही भिंत! झाले, जेवणाच्या टेबलावर रंगांचा पंखा उलगडतो. आईला मोतिया हवा असतो, मुलीला राखाडी, वडिलांना ‘पूर्वी होता तोच’. पूर्वीचा नेमका कोणता, यावर आणखी एक वाद. बाहेर पाऊस धो धो कोसळत असतो, त्याचे मत कुणी विचारत नाही.

खरे तर त्या घटकेला रंग निवडायचा नसतो, भिंत बघायची असते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. आपल्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. चिरा दिसायला दणकट, पण पाणी प्यायला लागला की चहात बुडवलेल्या उंड्याचा, म्हणजे पावाचा, सख्खा भाऊ. अशा घराची पावसाळ्यातली भिंत जरा वाकून, जवळून पाहावी. जमिनीपासून दीड-दोन फुटांवर एक वेडीवाकडी रेघ असते, ओहोटीनंतर वाळूवर उरते तशी. रेघेच्या वर रंग शाबूत. खाली तो फुगलेला. फुग्याला नख लावले की पापुद्रा सुटतो आणि आतून बारीक पांढरी भुकटी सांडते. हा लोणा. जमिनीतले पाणी चिऱ्यातून वर चढते, येताना क्षार घेऊन येते. भिंतीच्या तोंडाशी पाणी उडून जाते आणि क्षार तिथेच स्फटिक होऊन बसतात. स्फटिक वाढताना जागा मागतात आणि पुढचा रंग ढकलून देतात. तेव्हा पोपडा सुटला म्हणून दर वेळी रंगाला किंवा रंगाऱ्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही. उलट रंग जितका घट्ट आणि चकचकीत, तितका फुगा मोठा. ओल्या भिंतीवर ऑइलपेंट मारणे म्हणजे पावसात भिजलेल्या माणसाला वरून रेनकोट घालणे.

लोणा पाण्याने धुऊ नये, तो विरघळून पुन्हा आत जातो. कोरड्या ब्रशने झाडायचा आणि भिंतीला वाळू द्यायचे. खालचे तीन फूट सिमेंटने लिंपून घेण्याचा उपाय लोकप्रिय आहे, पण फसवा. पाणी तिथे अडते, संपत नाही. वाट शोधत आणखी वर चढते आणि काही पावसाळ्यांनी तीच रेघ चार फुटांवर उगवते. त्यापेक्षा बाहेरून जोत्याला लागलेली माती खाली ओढणे, पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर नेणे, असली बिनरंगाची कामे आधी केलेली बरी. त्यांचे शेड कार्ड नसते, म्हणून ती राहून जातात.

ओल भिंतीतली की नुसती हवेतली, हे कळायला एक युक्ती आहे. फूटभर चौरस जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून चारी बाजू चिकटपट्टीने बंद करायच्या आणि दोन दिवस विसरून जायचे. तिसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या अंगाला थेंब धरले असतील, तर पाणी भिंतीतून येते आहे. रंगाचा विचार सोडा. थेंब बाहेरच्या, खोलीकडच्या अंगाला असतील, तर भिंत निर्दोष आहे आणि खोलीला वारा हवा आहे. बंद कपाटामागची काळी बुरशी बहुतेक या दुसऱ्या जातीची. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढले तरी निम्मी कमी होते.

जुन्या लोकांचे वेळापत्रक मात्र बरोबर होते. पोर्तुगीज अमलात पाऊस संपला की घरे रंगवून घ्यायचा दंडक होता आणि पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवला जाई, असे सांगतात. पणजीच्या फोन्तेन्हासमध्ये पिवळी, निळी, काव्या रंगाची घरे आणि त्यांच्या खिडक्या-दारांभोवतीच्या पांढऱ्या पट्ट्या आजही दिसतात. त्या रंगांचे कौतुक पुष्कळ होते, पण त्यात अक्कल होती ती ‘पाऊस संपल्यावर’ यात. आणि माल होता चुना. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, ओल बाहेर पडते, आणि त्याच्या तिखटपणापुढे बुरशीचे फारसे चालत नाही. पावसाने तो झिजतो हे खरे, म्हणून तर दरवर्षी एक हात.

चुना द्यायचा तर विरवलेला चुना निदान रात्रभर पाण्यात मुरवावा, कापडातून गाळावा आणि ताकाइतका पातळ करावा. थोडा डिंक घालावा. भिंतीवर आधी पाणी शिंपडून मग पातळ तीन हात; एकच दाट हात दिला की तो खडूसारखा अंगाला लागतो. रंग हवा तर काव, पिवडी (पिवळी माती) किंवा नीळ. चुन्याच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त रंग घातला की तोही अंगाला लागायला लागतो, त्यामुळे चुन्यात फिक्या छटाच शोभतात. बाजारात मिळणारे भडक गुलाबी, जांभळे रंग चुन्यात घालू नयेत. त्यांतले बरेच चुन्याच्या क्षाराने उडतात. पिढ्यान्‌पिढ्या चुना खाल्लेल्या भिंतीवर थेट प्लास्टिक पेंट मारू नये, हे तर रंगारीच सांगेल, निदान चांगला असेल तर. खालचा चुना भुसभुशीत असतो, वरचा रंग सुकताना आकसतो आणि साल निघावी तसा तावच्या ताव सुटून येतो. मारायचाच तर सगळे खरवडून, प्रायमर लावून, नव्याने सुरुवात.

आता रंग. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पाहिलेला तुकडा आणि आपल्या घरातली भिंत यांचा एकमेकांशी दूरचाच संबंध. एक तर चार भिंती एकमेकींवर रंग फेकतात, म्हणून कार्डावरचा रंग खोलीत नेहमी गडद वाटतो. एक छटा फिकी घेतलेली बरी. दुसरे, आपल्याकडे खिडकीबाहेर माड, फणस, केळी. पावसाळ्यात खोलीत येणारा उजेड पानांतून गाळून येतो, आणि निळसर पांढरा रंग अशा खोलीत आजाऱ्यासारखा हिरवट दिसतो. तिथे किंचित पिवळी किंवा गुलाबी झाक असलेला पांढरा घ्यावा. जमीन तांबड्या कोब्याची असेल तर ती उन्हात भिंतीवर आपली लाली चढवते, तेव्हा गुलाबी झाक वेगळी विकत घ्यायची गरज नाही. जुन्या घरात शिंपल्यांची तावदाने टिकून असतील, तर प्रश्नच मिटला. त्या दुधी उजेडात जवळजवळ कुठलाही रंग सुंदर दिसतो आणि जाड पडदा लावणे हा गुन्हा आहे.

नमुना भिंतीवर न मारता पांढऱ्या पुठ्ठ्यावर मारावा: दोन फूट बाय दोन फूट, दोन हात, कडेला बोटभर पांढरी जागा सोडून. मग तो पुठ्ठा सकाळी खिडकीसमोरच्या भिंतीला, दुपारी खिडकीलगतच्या काळोख्या भिंतीला आणि रात्री दिव्याखाली टेकवून पाहायचा. सकाळी लोण्यासारखा दिसलेला रंग साडेसहाच्या कातरवेळी ओल्या सिमेंटसारखा दिसू शकतो. रात्री आपला दिवा काय करतो तेही बघावे. ६५०० केल्व्हिनच्या पांढऱ्याफटक एलईडीखाली मोतिया मळकट होतो. २७०० ते ३००० केल्व्हिनच्या पिवळसर दिव्याखाली राखाडी-निळा चिखलासारखा. कधी कधी रंग बदलण्यापेक्षा दिवा बदलणे स्वस्त पडते. आणखी एक फसगत वाळण्यातली आहे. प्लास्टिक पेंट वाळला की बहुधा थोडा गडद होतो, चुना मात्र ओला असताना गडद आणि वाळला की कितीतरी फिका. ओल्या भिंतीसमोर उभे राहून घरच्यांनी भांडू नये, हे दोन्ही पक्षांना लागू.

गडद की फिका, यावर एक गोवेकरी निकष सांगता येतो. गडद भिंतीवर पांढरा लोणा उठून दिसतो, फिक्या भिंतीवर काळी बुरशी. आपल्या घरात जो शत्रू असेल, त्याच्याच रंगाच्या जवळपास राहावे. एकच भिंत गडद करायची हौस असेल तर ती बाहेरची, पावसाच्या तोंडची भिंत नसावी. आणि जुन्या घराच्या उंचसखल गिलाव्यावर चकचकीत रंग म्हणजे प्रत्येक खळग्याला दिवा दाखवणे, तिथे मॅटच.

हिशेब अवघड नाही. खोली १२ बाय १० ची, उंची १० फूट. चार भिंतींची बेरीज ४४ फूट, गुणिले १०, म्हणजे ४४० चौरस फूट. एक दार ७ बाय ३ चे आणि दोन खिडक्या ४ बाय ४ च्या वजा केल्या की उरले ३८७. चांगला प्लास्टिक पेंट दोन हातांना लिटरमागे सुमारे १२० चौरस फूट जातो, म्हणजे सव्वातीन लिटर. चार लिटरचा एक डबा घ्यावा. उरलेला वाया जात नाही. छताचे १२० चौरस फूट वेगळे, त्याला एक लिटर. लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची असेल तर दोन हातांना किलोमागे वीसेक चौरस फूट धरावे. खडबडीत भिंत त्याहून जास्त खाते. लांबी वाळली की आधी १२० किंवा १८० नंबरचा, शेवटी २२० चा पॉलिश पेपर, आणि मग भुकटी झाडून पुसल्याशिवाय प्रायमर नाही. ही धूळ पुसणे हेच बहुतेक ठिकाणी गाळले जाते. नव्या गिलाव्याला निदान २८ दिवस द्यावेत. मशीनवर मिसळलेले दोन-तीन डबे असतील तर ते मोठ्या बादलीत एकत्र करून मगच भिंतीला लावावेत, नाहीतर डबा संपतो तिथे भिंतीवर सीमारेषा दिसते.

आणि तरीही चवथ येतेच. तिला नोव्हेंबरपर्यंत थांबा म्हणता येत नाही. तेव्हा पावसातच रंगवायचे तर घरभर पसारा मांडू नये. फक्त देवाची कूड, आणि तीही आतल्या भिंतींची असेल तर. ओली बाहेरची भिंत असेल तर चुना किंवा साधे डिस्टेंपर, जे पुढच्या वर्षी खरवडताना रडू येणार नाही. समईच्या वरची काजळी आधी धुण्याच्या सोड्याने पुसून घ्यावी आणि तेवढ्या पट्ट्याला ऑइल प्रायमर द्यावा. नाहीतर तिसऱ्या दिवशी नव्या रंगातून जुना तपकिरी डाग वर येतो. डब्यावर ‘चार तासांनी दुसरा हात’ लिहिलेले असते ते कोरड्या हवेपुरते. श्रावणात एक रात्र जाऊ द्यावी, पंखा चालू ठेवून. माटोळीच्या मागे रंग निवडताना माटोळीचाच विचार करावा: नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, केळी, रानातली नाना फळे. इतके सगळे हिरवे-पिवळे-तांबडे पुढे टांगलेले असताना भिंतीने गप्प बसलेले बरे. फिका मोतिया, फार तर पिवडीची पुसट झाक. आईचेच खरे होते म्हणायचे.

कापडाबद्दल थोडे. चार फुटी खिडकीला पडद्याची दांडी पाच फुटी, दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त. चुण्या छान पडायला कापड दांडीच्या दुपटीहून जास्त हवे, म्हणजे ४८ इंची पन्ह्याचे तीन पट्टे. लांबी सात फूट आणि वर-खाली दुमडायला एक फूट, असे आठ फुटांचे तीन, म्हणजे साडेसात मीटर. सुती असेल तर शिवण्याआधी धुऊन घ्यावे. गालिचा गोव्यात आणू नये. जूनमध्ये त्याला कुबट वास येतो तो ऑक्टोबरपर्यंत जात नाही. चटई परवडते, गुंडाळून माळ्यावर टाकता येते. भुशाच्या बोर्डाचे फर्निचर पहिल्याच पावसाळ्यात पायाकडून फुगते. प्लायवूड घ्यायचे तर आयएस ७१० शिक्क्याचे, मरीन म्हणतात ते. आजोबांच्या शिसवी खुर्चीला लाखेचे पॉलिश करायचे असेल तर ते डिसेंबर-जानेवारीत. दमट हवेत लाख वाळताना पांढरी पडते आणि खुर्चीवर कुणी पीठ सांडल्यासारखी दिसते. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी लोखंडी खिळे-स्क्रू टाळून पितळी किंवा स्टेनलेसचे वापरावेत. गंजाचा ओघळ कुठल्याही रंगातून बाहेर येतो.

सगळे झाल्यावर डब्यात पाव-अर्धा लिटर रंग उरतो. पत्र्याच्या डब्यात तो ठेवू नये, आतून गंजतो. काचेच्या बरणीत गाळून, घट्ट झाकण लावून, वर छटेचा नंबर आणि तारीख लिहून ठेवावा. पुढल्या वर्षी माटोळी उतरवताना भिंतीला हमखास दोन-तीन टवके उडतात. तेव्हा बरणी शोधावी लागते आणि ती लोणच्याच्या बरण्यांमागे सापडते.