दादाच्या रक्तातला तो आकडा

चवथीच्या आदल्या दिवशी दादा माटोळी, म्हणजे गणपतीच्या वरचं फळाफुलांचं छत, बांधत होता. सुपारीचं शिपटं, म्हणजे घोस, हातात घेऊन स्टुलावर चढला आणि तसाच खाली कोसळला. पुतण्या एनसीसीत सीपीआर शिकलेला. १०८ येईपर्यंत तो छाती दाबत राहिला, हात थरथरायला लागले तरी थांबला नाही. शॉक दिल्यावर नाडी परत आली. मी म्हापशाहून इस्पितळात पोचले तेव्हा अँजिओप्लास्टी चालू होती. हृदय सावरलं. मेंदूचं काय, ते मात्र कोणी सांगेना.

दादा व्हेंटिलेटरवर, झोपेच्या औषधांखाली. ताप चढू नये म्हणून अंगाचं तापमान सतत बघत होते. "बहात्तर तास होईपर्यंत आम्ही काहीच ठरवत नाही," आयसीयूतल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. वहिनी दर तासाला घड्याळ बघायची.

अठ्ठेचाळीस तासांनी एनएसईसाठी रक्त घेतलं. न्यूरॉन स्पेसिफिक इनोलेज हे एन्झाइम मेंदूच्या पेशींत असतं. प्राणवायूअभावी त्या पेशी मेल्या की ते रक्तात उतरतं. नमुना बाहेरच्या लॅबला गेला आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला : ८४. आयसीयूतल्या एका तरुण डॉक्टरने व्हरांड्यातच सांगून टाकलं, ६० च्या वर म्हणजे चांगलं लक्षण नाही. वहिनी भिंतीला टेकून खालीच बसली. तिला कसं उठवलं, मला आठवत नाही.

त्या मुलाने सांगितलं ते खोटं नव्हतं. २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत ६० मायक्रोग्रॅम प्रति लिटर हीच रेघ आहे, अठ्ठेचाळीस किंवा बहात्तर तासांच्या नमुन्यासाठी. पण त्याच सूचनांप्रमाणे हा आकडा एकटा चालत नाही. बहात्तर तासांनंतरही माणूस बेशुद्धच असेल, तर निदान दोन वेगवेगळ्या तपासण्या एकच गोष्ट सांगतायत का, ते बघतात : डोळ्यांच्या बाहुल्यांची आणि बुबुळांची प्रतिक्रिया, ईईजी म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, मनगटाच्या नसेला दिलेला झटका मेंदूपर्यंत पोचतो का, सीटी किंवा एमआरआय, आणि रक्त. मॅडमनी हे रिपोर्टच्या पाठीमागे लिहून दाखवलं. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

मग त्यांनी रिपोर्ट उलटा करून खालची बारीक ओळ दाखवली : नमुना हिमोलाइज्ड. म्हणजे नळीतल्या लाल पेशी फुटलेल्या. एनएसई लाल पेशींतही असतं, त्यामुळे आकडा फुगतो. ती ओळ आमच्यापैकी कोणीच वाचली नव्हती, आणि त्या तरुण डॉक्टरनेही नाही. याचा राग मला आजही येतो.

बहात्तर तासांचं रक्त माझ्यासमोर काढलं. नर्सने सिरिंज सावकाश ओढली आणि नळी न हलवता स्टँडमध्ये ठेवली. रक्ताचे थर वेगळे करणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रातून काढल्यावर टेक्निशियनने ती ट्यूबलाइटसमोर धरली. वरचा थर भाताच्या काडीसारखा फिकट पिवळा होता. "पेशी फुटल्या असत्या तर सोलकढीसारखा गुलाबी दिसला असता," तो म्हणाला. यावेळी आकडा आला २९. ईईजीतही मेंदूच्या लहरी अखंड होत्या, टाळी वाजवली की बदलत होत्या. तरीही मॅडम "बरा होईल" म्हणाल्या नाहीत. "वाट बघायला जागा आहे," एवढंच म्हणाल्या.

पलीकडच्या खाटेवरच्या मुलाच्या आईला मात्र कोणी असं म्हणू शकलं नाही. त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या उजेडालाही आकसत नव्हत्या, ईईजी सपाट होता, स्कॅनमध्ये मेंदू सुजलेला. रक्ताचा आकडा नसता तरी उत्तर तेच आलं असतं. ती बाई मला रोज चहा आणून द्यायची.

दादाची किडनी मंदावली होती, म्हणून झोपेची औषधं उतरायला वेळ लागला. सहाव्या दिवशी वहिनीने हाक मारली तेव्हा त्याने डोळे उघडले आणि तिच्याकडेच बघत राहिला.

आता तो घरी आहे. चालतो, जेवतो. जुनं सगळं आठवतं, नवं टिकत नाही. परवा त्याने विचारलं, "यंदा माटोळी कोणी बांधली गो?" मी सांगितलं, अर्धी तूच बांधलेलीस. जेवणं झाल्यावर त्याने पुन्हा तेच विचारलं, आणि मी पुन्हा सांगितलं.